ज्याच्या हाती कासरा

*वाचकाचं पत्र*

ताई, मी २६ वर्षांची आहे, कृष्णाकाठच्या एका गावात राहते. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौदा जणांनी मिळून प्राण्यांसाठी एक गट सुरू केला. सुरुवात कुत्र्यांना खायला घालण्यापासून झाली. मग हंगामात कारखान्याच्या रस्त्यावरच्या उसाच्या बैलगाड्या बघवेनात. गेल्या महिन्यात चढाला एक गाडी अडकली होती. गाडीवान पराणी टोचत होता आणि उजव्या बैलाचा खांदा पार सोलवटलेला होता. आम्ही व्हिडिओ काढून टाकला, तो दोन दिवसांत सगळीकडे फिरला. पोलिसांत तक्रारही केली. गाडीवानाला पन्नास रुपये दंड झाला, मुकादमाने त्याला चारचौघांत शिव्या घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी तोच बैल त्याच गाडीला जुंपलेला! गावात आता आम्हाला 'कुत्रीवाले' म्हणतात. गटात सहाच जण उरलेत. त्यातल्या दोघांचं म्हणणं असं, की जो दूध आणि मटण सोडत नाही त्याला प्राण्यांबद्दल बोलायचा हक्क नाही. खरी चळवळ कशी उभी करायची? की हे आपल्या हातात नाहीच?
– अस्वस्थ, जि. सातारा

*उत्तर*

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात बैलाचा खांदा आहे, पराणी आहे, चढ आहे. गाडीवान कुठला, त्याचं नाव काय, हे मात्र कुठेच नाही. मी तुला बोल लावत नाहीये. पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं, म्हणून आधी तेच विचारते. तो बीडकडचा आहे, पाथर्डीचा, की जतचा? मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतलीय त्याने? बैलजोडी स्वतःची आहे, की तिचे पैसेही मुकादमाकडूनच आलेत? बायको सोबत आहे का, पोरं कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तळावरच्या झोपडीत, आहेत की गावाकडे आजीपाशी? हे सगळं ठाऊक असतं तर कदाचित तू तक्रार केलीही असतीस, पण ती त्याच्याविरुद्ध केली नसतीस.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकले म्हणून सांगते. तीस वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडबाहेर टांगे उभे असायचे. एका विटकरी रंगाच्या घोडीच्या पाठीवर तळहाताएवढी जखम होती, तिच्यावर माश्या बसलेल्या असायच्या. मी आणि दोन मैत्रिणींनी पोलिसांना गाठलं, पंचनामा करवला, घोडी जप्त करून एका आश्रयस्थानात पाठवली. पेपरात बातमी आली. आम्ही पेढे वाटले. तीन आठवड्यांनी घोडी गेली. तिथे तिच्याकडे बघायला माणूस नव्हता, आणि ती कशी आहे हे बघायला मी एकदाही गेले नव्हते. टांगेवाल्याने व्याजाने पैसे काढून दुसरा घोडा आणला, पहिल्यापेक्षा स्वस्त आणि पहिल्यापेक्षा हडकुळा. म्हणजे माझ्या त्या विजयातून एक मेलेली घोडी, एक कर्जबाजारी माणूस आणि तापलेल्या डांबरावर उभा एक नवा घोडा एवढंच उरलं. तेव्हापासून कुठल्याही मोहिमेआधी मी एकच प्रश्न विचारते: आपण म्हणतो ते झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जनावराचं काय होणार, आणि ज्याच्या हाती त्याचा कासरा आहे त्याचं काय होणार? याचं उत्तर हातात नसेल, तर मोहीम अजून तयार झालेली नाही.

आता त्या पन्नास रुपयांविषयी. तुला तो आकडा अपमानासारखा लागला असेल. तो १९६० सालचा आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर गेल्या आणि त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. सरकार स्वतः कायदा आणेल असं आश्वासन नेहरूंनी दिलं, तेव्हा त्यांनी ते मागे घेतलं. पुढे १९६० मध्ये कायदा झाला, १९६२ मध्ये जीवजंतु कल्याण मंडळ आलं आणि त्याच त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ठरला. त्या काळी पन्नास रुपये ही रक्कम होती, आज त्यात चार चहा येतात. म्हणून कायद्याचा धाक दाखवून गाडीवान बदलेल ही आशा सोड. पण कायदा टाकून देऊ नकोस, त्याचा उपयोग दुसरीकडे आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. टोकदार पराणी चालणार नाही. हे नियम पाठ कर. ते गाडीवानाच्या तोंडावर फेकायचे नाहीत, ते कारखान्याच्या टेबलावर ठेवायचे. कुणाच्या टेबलावर, ते सांगतेच.

त्याआधी एक गोष्ट समजून घे, कारण ती आपल्याच मातीत घडली आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तिच्यातून धडा घेतला. बैलगाडा शर्यत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर शर्यतींवरही बंदी घातली. निकाल मोठा होता. जनावराला भीती, वेदना आणि भुकेपासून मोकळं जगता आलं पाहिजे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलं. आम्ही आनंदाने रडलो होतो, खोटं नाही सांगत. पुढे काय झालं? २०१७ मध्ये राज्याने स्वतःची कायदा-दुरुस्ती केली, सगळ्या पक्षांचे आमदार एका सुरात बोलले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. साडेसात वर्षं बंदी आपल्या हातात होती. त्या साडेसात वर्षांत आपण कोर्टाच्या तारखांना हजर राहिलो, पण मावळात किंवा माण-खटावात एखाद्या गाडामालकाच्या ओट्यावर जाऊन बसलो नाही. तो म्हणत होता, शर्यत गेली तर खिल्लार कोण पाळणार? हा प्रश्न खरा होता. आपल्याकडे त्याला उत्तर नव्हतं, आणि उत्तर शोधण्याची गरजही आपल्याला वाटली नाही. न्यायालयात जिंकलेली गोष्ट गावात हरली, आणि गावात हरली म्हणून ती विधानसभेतही हरली.

याच्या उलटही घडलंय. तुझ्या आईला विचार, तिने लहानपणी दरवेशी बघितला असेल. नाकात दोरी ओवलेलं अस्वल, डमरू, अंगावरचा केस ताईत म्हणून विकायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बेकायदा ठरलं. पण अस्वलं रस्त्यावर नाचतच राहिली, पुढची तीस वर्षं! कारण कलंदरांकडे, म्हणजे अस्वलं नाचवणाऱ्या जमातीकडे, पिढ्यान्‌पिढ्या दुसरा धंदा नव्हता. मग वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने रस्ता बदलला. अस्वल आमच्याकडे द्या, आम्ही तुम्हाला दुसऱ्या धंद्याला भांडवल देतो, बायकांना काम शिकवतो, पोरांना शाळेत घालतो, असं त्यांनी कलंदरांना सांगितलं. काही कलंदर तर त्याच अस्वलांची देखभाल करायला नोकरीला लागले. आग्र्याला २००२ मध्ये अभयारण्य सुरू झालं, सहाशेवर अस्वलं सुटली आणि २००९ मध्ये रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वल आत आलं. कायदा तोच होता, १९७२ चा. फरक पडला तो दोरी धरणाऱ्या माणसाला दोरी सोडणं परवडू लागलं तेव्हा.

आपल्या कोकणातलं वेळास घे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांच्या घरट्यांचं काम हाती घेतलं. तोवर अंडी चोरीला जायची. त्यांनी गावातल्याच लोकांना राखणदार केलं, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावात घराघरांत उतरतात, मोदक-भात खातात, पहाटे पिल्लं समुद्रात जाताना बघतात. आता एखाद्याने अंड्याला हात लावला तर गावच त्याला धरेल.

चल, आता तुझ्या कारखान्यावर येऊ. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

त्या चढावरच्या गाडीकडे उलट्या बाजूने बघ. गाडीवानाला पैसे टनावर मिळतात, आणि ते हातात न पडता आधी उचलीत वळते होतात. फडात तो आणि त्याची बायको पहाटे अंधारात तोडायला लागतात. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत आणायच्या, गाडी भरायची. मग रस्ता. मग कारखान्याच्या गेटावर रांग. तू कधी रात्री अकरा वाजता गाड्यांच्या यार्डात गेली आहेस? नसलीस तर जा, मोबाईल खिशात ठेवून जा. गाड्या एकामागे एक उभ्या असतात, बैल मानेवर जू घेऊन तसेच ताटकळतात, कारण रांग चार पावलं सरकली की पुन्हा ओढायचंय. गाडीखाली गोणपाटावर गाडीवान झोपलेला असतो, त्याचा एक हात चाकाला टेकलेला, म्हणजे गाडी हलली की जाग येईल. रांगेत सात-आठ तास गेले की दिवसात दुसरी खेप होत नाही. दुसरी खेप होत नसेल तर तो पहिल्याच खेपेत भरता येईल तेवढं भरणार. आणि तेवढं भरलं की चढाला गाडी अडकणार, पराणी निघणार, जुवाखाली खांदा सोलणार.

तुला गाठ दिसली का? तुम्ही व्हिडिओ काढलात तो साखळीच्या शेवटच्या कडीचा. पहिली कडी रांगेत आहे. रांग कोण ठरवतं? कारखान्याचा शेती विभाग. ट्रॅक्टर-ट्रकना कधी सोडायचं, बैलगाड्यांना कधी, तोडीची चिठ्ठी किती गाड्यांना द्यायची, हे शेतकी अधिकारी ठरवतो आणि कार्यकारी संचालक त्यावर सही करतो. म्हणून तुमची मागणी 'बैलांवरचा अत्याचार थांबवा' अशी असून चालणार नाही. या मागणीला कुणीही हो म्हणतं आणि काहीच होत नाही. मागणी अशी हवी की ती झाली की नाही हे लहान पोरालाही बघून सांगता येईल. बैलगाड्यांची वेगळी रांग, आणि वजनकाट्यावर त्यांना ठराविक वेळात आधी घेणं. यार्डात पाण्याचा हौद आणि पत्र्याची किंवा हिरव्या जाळीची सावली. थांबलेल्या बैलांच्या मानेवरचं जू उतरवता यावं म्हणून गाडीला खाली टेकू. मार्चचं ऊन सुरू झालं की बारा ते तीन बैलगाड्यांची वाहतूक बंद, आणि त्या तीन तासांपायी गाडीवानाची खेप बुडणार नाही अशी वेळांची आखणी. यातलं एकही कारखान्याला न परवडणारं नाही. आणि रांग तासाभराने जरी कमी झाली, तरी ती गाडीवानालाही हवीच आहे, तुमच्यापेक्षा जास्त हवी आहे. इथे तो तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो. कुणी त्याला खेचून आणावं लागत नाही.

दबाव कुठून आणायचा? तुझ्या गटात सहा जण उरलेत म्हणतेस. त्यातल्या किती जणांचे वडील, आजोबा, चुलते कारखान्याचे सभासद आहेत ते मोज. सहकारी कारखाना असेल तर दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते, आणि सभासद आपला प्रश्न आधी लेखी देऊ शकतो. बाहेरच्या संस्थेचं पत्र केराच्या टोपलीत जातं, सभासदाचा लेखी प्रश्न तसा जात नाही. वीस सभासदांच्या सह्यांनी एक पानाचा अर्ज जाऊ दे, सोबत १९६५ चे ते चार नियम आणि यार्डात मोजलेल्या तासांचा तक्ता. तक्ता स्वतः मोजून तयार करा. हंगाम संपायला जे आठवडे उरलेत त्यात आठवड्यातून दोन रात्री आळीपाळीने जा: गाडी कधी आली, कधी रिकामी झाली, जू किती वेळ मानेवर होतं. गाडी नंबर लिहू नका, माणसाचं नाव लिहू नका, नुसती वेळ लिहा. असा दोन महिन्यांचा तक्ता हातात असलेली मुलगी सभेत उभी राहिली की तिला 'भावनेच्या भरात बोलतेय' म्हणणं कठीण जातं.

कारखाना खासगी असेल तर हा रस्ता बंद आहे, मग ऊस घालणारे मोठे बागायतदार गाठावे लागतील. ते जास्त वेळखाऊ आहे, पण माणसं तीच आहेत, तुझ्याच भावकीतली.

लांबच्या पल्ल्याचं म्हणशील तर बैलांच्या जागी लहान ट्रॅक्टर येणं हेच खरं, आणि ते होतंय. सांगलीत २००३ पासून अ‍ॅनिमल राहत ही संस्था कामाच्या बैलांवर उपचार करते आणि साखर कारखान्यांत बैलगाड्यांऐवजी ट्रॅक्टर यावेत म्हणून खटपट करते. ती तुझ्यापासून लांब नाही, एकदा जाऊन ये, त्यांनी कुठे डोकं आपटलं ते विचार. पण ट्रॅक्टरची मागणी करण्याआधी माझा तो सकाळचा प्रश्न विसरू नकोस. ट्रॅक्टर कुणाच्या नावावर येणार? मुकादमाच्या आला तर गाडीवानाची उरलीसुरली मालकी गेली, तो नुसता कोयता, म्हणजे ऊस तोडणारा मजूर, उरला. आणि बैल कुठे जाणार? २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, म्हणून थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि चाऱ्याचा खर्च मात्र रोजचा आहे. तो बैल मग रात्री कुठेतरी सोडला जातो, नाहीतर चोरून कुणाकडे तरी जातो. त्याच्यासाठी चाऱ्याची आणि जागेची सोय दाखवल्याशिवाय 'बैल सोडा' म्हणणं म्हणजे माझ्या त्या विटकरी घोडीसारखंच होईल.

याच वळणावर तुमच्याकडे काही लोक मदतीला येतील. गाड्या अडवू, टेम्पो अडवू, फोडून काढू म्हणतील. त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हण. जनावराचं नाव घेऊन माणसाला, त्यातही ठराविक जातीधर्माच्या माणसाला मारायला जी मंडळी निघतात, त्यांच्यासोबत तुमचा एक फोटो जरी निघाला तरी कोपीवरचा एकही माणूस तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही. आणि बोलूही नये.

आता गाडीवानांकडे जायचं कसं? एक वेळ अशी आहे जेव्हा ते घरी असतात, निवांत असतात आणि बैलाविषयी बोलायला स्वतःहून तयार असतात: पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जुवाने घट्टा पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, बैलाला आवतण देतात. मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर एका म्हाताऱ्याला खांदे चोळताना बघितलंय. त्याने अंगठ्याने आवाळू, म्हणजे जुवाने खांद्यावर येणारी गाठ, चाचपलं, थांबला, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. मी काय म्हणालात विचारलं तर लाजला. सांगितलं नाही. त्या माणसाला क्रूरता शिकवायला कुणी गेलं नव्हतं आणि दया शिकवायला मी जाण्याचीही गरज नव्हती. हंगामात त्याला दया परवडत नाही, एवढंच. तेव्हा पोळ्याच्या आठवड्यात तुमच्यातले दोन-तीन जण एखाद्या पशुवैद्यकाला घेऊन त्यांच्या गावी जा. खांदे तपासा, नीट बसणारं जू आणि त्याखालची गादी दाखवा, आवाळू कोवळं असताना काय करायचं ते सांगा. तुमच्या सातारा भागात बेंदूर, म्हणजे तिकडचा पोळा, आषाढात होतो, म्हणजे घरच्या बैलांवर आधी हात बसवून घ्यायला वेळही मिळेल. बायकांशी वेगळं बोला. गाडी भरणारी तीच, रांगेत रात्रभर नवऱ्याची वाट बघणारी तीच, आणि बैलाला वाढं टाकणारीही तीच. यार्डात पाणी नसतं तेव्हा तिलाही नसतं. हौदाच्या मागणीबरोबर बायकांसाठी नळ आणि संडास मागितला तर तुमची मागणी कमजोर होणार नाही, तिचं बळ दुप्पट होईल.

त्या दोघांविषयी, जे दूध-मटणाची अट घालतात. त्यांच्याशी भांडू नकोस, एका बाबतीत त्यांचं बरोबरच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-म्हशी-शेळ्या वगैरे मिळून ५३ कोटींवर पशुधन होतं आणि कोंबड्या-बदकं ८५ कोटींवर. अंड्याच्या कोंबड्या ज्या पिंजऱ्यात जन्म काढतात त्यात पंख पसरता येत नाहीत. विधी आयोगाने २०१७ मध्ये त्यांच्या निवाऱ्याविषयी स्वतंत्र अहवाल दिला होता. दुःख मोजायचंच तर ते तिथे जास्त आहे, हे खरं. ज्यांना ही गोष्ट इतकी टोचते, त्यांना तेच काम द्या. अहवाल वाचू दे, जवळचे पोल्ट्रीवाले गाठू दे, पिंजऱ्याबाहेर कोंबड्या पाळून हिशोब जमतो का ते बघू दे.

पण अट म्हणून नाही. मी स्वतः दूध सोडून बरीच वर्षं झाली, तरी हे सांगते. आपल्याकडे कोण काय खातं यावरून माणसाला उंच-नीच ठरवायची जुनी खोड आहे, आणि ते चटके ज्यांनी सोसलेत तीच माणसं आज कोपीवर राहतात. तू तिथे उभी राहून ताटाविषयी बोलायला लागलीस की त्यांना तुझं प्राणिप्रेम ऐकूच येणार नाही, जुना विटाळच ऐकू येईल. सुकट खाणारी बाई जर बैलासाठी रात्री यार्डात तास मोजायला तयार असेल, तर तिला गटात पहिली जागा दे.

कुत्र्यांचं मात्र मिटवून टाका, कारण 'कुत्रीवाले' हा शिक्का त्यातूनच बसलाय. खायला घालणं थांबवा असं नाही. पण गावातल्या एखाद्या पोराला कुत्रं चावलं, की पहिला फोन तुम्हाला यायला हवा आणि त्याला लस टोचायला दवाखान्यात घेऊन जाणारी गाडी तुमची हवी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात टाकायला सांगितलं, अकरा दिवसांनी ते बदललं, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हटवायचा आदेश दिला. ही वेळ आपल्यावर का आली? चावलेल्या माणसाच्या दारात आपण गेलो नाही म्हणूनही आली. खाऊ घालायच्या जागा शाळा आणि अंगणवाडीपासून लांब ठेवा, वेळ ठरवा, आणि गावातल्या किती कुत्र्यांना रेबीजची लस टोचली याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. तुमच्यासारख्या गावात सत्तर टक्के म्हणजे काही शे-दोनशे डोसांचं काम आहे, ते एका पावसाळ्यात होतं.

गटातले आठ जण का गेले, हे तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज सांगते. रोज नवा व्हिडिओ, रोज नवं रडं, आणि काही बदललं हे दाखवणारं हातात काहीच नाही. माणूस दुःखाने थकत नाही तितका निष्फळपणाने थकतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जखमी जनावरांचे फोटो टाकणं आजपासून बंद करा. एक वही घाला. तिच्यात तारीख, काय केलं, कोण गेलं, पैसे किती गेले, पुढे काय झालं. आठवड्यातून एक दिवस ठरवून, एक तास, कुणाच्या तरी ओसरीवर बसा. पैशांचा हिशोब सगळ्यांना दिसू दे, दोनशे रुपयांचा असला तरी. गेलेल्या आठ जणांना परत बोलवायची घाई करू नका. हौद बांधायचा ठरला की त्यातले चार जण विटा उचलायला येतील, बघ.

आणि तो व्हिडिओ उतरवा. दुसऱ्यांनी पुढे पाठवलेला परत येणार नाही, पण तुमच्याकडचा काढून टाका. त्या माणसाचा चेहरा त्यात उघडा आहे आणि त्याची पोरंही मोबाईल बघतात.

मग त्याला भेटायला जा. एकटी नको, दोघी जा, संध्याकाळी जा, तो फडातून आलेला असेल आणि चूल पेटलेली असेल तेव्हा. माफी मागायची तर थोडक्यात माग, लांबण लावू नकोस, त्याला अवघडायला होईल. नाव विचार, गाव विचार, बैलांची नावं विचार. बैलांची नावं विचारल्यावर तो बोलायला लागेल. मग त्याने परवानगी दिली तर उजव्या बैलाच्या खांद्याला हात लावून बघ. आवाळू मऊ आणि गरम असेल तर लगेच १९६२ या नंबरला फोन कर, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. डॉक्टरने विश्रांती सांगितली तर त्या दिवसांत बदली बैल कुठून आणायचा हे गटाने आधीच ठरवून जा, नाहीतर डॉक्टरच्या सल्ल्याचा त्याला काही उपयोग नाही. आवाळू दगडासारखं कडक झालं असेल तर तसं मला कळव, कारण मग ते कापून काढावं लागतं आणि त्याची सोय कुठे होते ते मी तुला सांगेन.

तुझी,
ताई